दुकानाचा उंबरठा कोणासाठी?

सदर : कायदा आणि गृहस्थधर्म



गेल्या महिन्यात धुळ्याहून एक पत्र आले. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांचे आग्रा रोडवर कापडाचे दुकान आहे. धंदा वडिलोपार्जित आणि नाव सचोटीचे. ओळख पटेल असे सारे तपशील वगळून त्यांचा प्रश्न येथे मांडतो.

त्यांच्या दुकानात नऊ वर्षांपासून एक तरुण काउंटर सांभाळतो. तो आपल्याच समाजातला आहे. हिशेबाला चोख, गिऱ्हाइकाशी बोलताना नम्र. लग्नसराईतही त्याच्या भरवशावर दुकान सोपवून शेठजी निर्धास्तपणे नातलगांच्या कार्याला जातात. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या कानावर आले की, हा तरुण ज्या मित्राबरोबर भाड्याच्या खोलीत राहतो, त्याच्याशी त्याचे नाते केवळ मैत्रीचे नाही, जोडीदाराचे आहे. बोलता बोलता ही वार्ता समाजात पसरली. एके दिवशी प्रवचनानंतर दोघा-तिघा वडीलधाऱ्यांनी शेठजींना बाजूला घेतले आणि बजावले, "त्याला दुकानातून काढा. नाहीतर तुमच्याकडे खरेदी करायची की नाही, याचा समाजाला विचार करावा लागेल."

पत्राच्या शेवटी शेठजी लिहितात, "वकीलसाहेब, दुकान माझे, भांडवल माझे. तेथे कोणाला ठेवावे आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचा अधिकार मला आहे की नाही? आणि असला, तर तो मी वापरावा काय?"

शेठजींनी एकाच दमात दोन प्रश्न विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधावे लागते. दुसऱ्याचे आपल्या व्रतांत. दोन्हींकडे क्रमाने पाहू.

प्रथम हे स्पष्ट असावे की त्या तरुणाने कोणताही गुन्हा केलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी एकमताने निकाल दिला की, सज्ञान व्यक्तींच्या संमतीने असलेल्या खासगी समलैंगिक संबंधांना भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ लागू होणार नाही. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलैंगिक विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तो विषय संसदेचा असल्याचे सांगितले. तरीही व्यवहारातल्या काही गोष्टी बदलल्या आहेत. अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांना नामनिर्देशित करण्यास आडकाठी नाही, तसेच शिधापत्रिकेसाठी त्यांना एका कुटुंबातले समजावे, असे केंद्र सरकारने २०२४ मध्ये स्पष्ट केले. थोडक्यात, विवाहाचा दाखला त्यांना मिळत नाही; परंतु ते कायद्याचे अपराधीही नाहीत.

आता मालकाच्या अधिकाराकडे वळू. घटनेच्या कलम १९(१)(छ) ने प्रत्येक नागरिकाला व्यापार-व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे. समानतेचे मूलभूत हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध मागता येतात, खासगी दुकानदाराविरुद्ध सहसा नाही. केवळ समलैंगिक कलामुळे नोकराला काढू नये, असे खासगी मालकाला शब्दशः बजावणारा सर्वसाधारण कायदा संसदेने केलेला नाही. खासदार शशी थरूर यांनी भेदभावविरोधी विधेयक लोकसभेत मांडले होते, पण ते संमत झाले नाही. दीर्घकाळ सलग काम केलेल्या नोकराला कमी करायचे तर नोटीस आणि नुकसानभरपाईचे नियम पाळावेच लागतात. पण तो वेगळा भाग झाला. म्हणजे शेठजींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर "होय, बराचसा अधिकार आहे" असे द्यावे लागेल, आणि ते न लपवता सांगणे माझे काम आहे.

परंतु पत्रातले दुसरे एक वाक्य कायद्याच्या नजरेतून सुटत नाही. ते शेठजींचे नाही, त्या वडीलधाऱ्यांचे आहे.

जातपंचायतींच्या जाचाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा एकमताने संमत केला. राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर जुलै २०१७ पासून तो अंमलात आला. आपल्या समाजातील एखाद्या व्यक्तीशी सामाजिक, धार्मिक किंवा व्यावसायिक संबंध तोडणे, तसेच ते तोडण्यास इतरांना चिथावणे, हा या कायद्याने गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कोणकोणत्या कारणांनी समाजबांधवात भेद करू नये, हे सांगताना या कायद्याने नैतिकता, सामाजिक स्वीकार आणि राजकीय कल यांच्यासोबत लैंगिकतेचाही उल्लेख केला आहे. आपल्यापैकी फार थोड्यांनी हे वाचले असेल. तेव्हा "त्याला काढा, नाहीतर समाज तुमच्याकडे खरेदी करणार नाही" ही ओट्यावरची सूचना वाटते तितकी निरुपद्रवी नाही. एकट्या मालकाचा निर्णय ही एक गोष्ट आणि समाजाने एकत्र येऊन एखाद्याचा पोटापाण्याचा मार्ग बंद करणे ही दुसरी. महाराष्ट्रात या दुसऱ्या गोष्टीला कायद्याने गुन्हा म्हटले आहे. उद्या तक्रार झाली, तर शेठजींच्या आधी त्या वडीलधाऱ्यांना उत्तर द्यावे लागेल.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. समलैंगिक व्यक्ती आणि तृतीयपंथी व्यक्ती हे दोन वेगळे विषय आहेत. तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि नोकरी, दुकानातील सेवा किंवा भाड्याची जागा देताना भेदभाव करण्यास त्याने खासगी आस्थापनांनाही मनाई केली आहे. याबाबतीत आपल्या खान्देशाचे उदाहरण आठवावे. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने ग्रामपंचायतीसाठी महिलांच्या राखीव जागेवर अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्यांनी तो फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी जानेवारी २०२१ मध्ये तो अर्ज ग्राह्य धरण्याचा आदेश दिला. कायदा तेथपर्यंत पोहोचवून थांबला. पुढचे काम गावाने केले आणि मतदारांनी त्यांना निवडून दिले. शहरातल्या सुशिक्षितांना जे अवघड वाटते, ते केळीच्या पट्ट्यातल्या गावकऱ्यांनी एका मतदानाच्या दिवशी उरकले.

खासगी संस्थेलाही हा कायदा कसा लागतो, हे अलीकडे पुन्हा दिसले. एका तृतीयपंथी शिक्षिकेला गुजरातमधील एका खासगी शाळेने नोकरी देऊ केली आणि ओळख कळताच ती नाकारली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. तो आदेश शासनाबरोबर त्या शाळेलाही होता. "आमची संस्था खासगी आहे" हे उत्तर तेथे पुरले नाही.

आता काउंटरच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या व्यक्तीकडे, म्हणजे गिऱ्हाइकाकडे पाहू. येथे घटना अधिक थेट बोलते. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला दुकान, उपाहारगृह किंवा हॉटेल यांत प्रवेश नाकारता येणार नाही, असे कलम १५(२) सांगते. हे कलम सरकारपुरते मर्यादित नाही, ते थेट दुकानदाराला लागू आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत यावर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' म्हणजे काय, असा प्रश्न निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खुलासा केला की, हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे. मोबदला घेऊन कोणालाही सेवा देण्यास जो सिद्ध आहे, तो त्यात येतो. २०१८ च्या निकालाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. कलम १५ मधील 'लिंग' या शब्दात लैंगिक कलाचाही समावेश होतो, अशी भूमिका त्यात मांडली गेली. दोन्ही एकत्र वाचले, तर ज्या दुकानाचे दार रस्त्यावर उघडते, त्याने गिऱ्हाइकाच्या घरात कोण कोणाबरोबर राहते याची चौकशी करू नये, हाच अर्थ निघतो.

"पण मग व्यापाऱ्याच्या सदसद्विवेकाला काही जागा उरते की नाही?" असे कोणी विचारील. हा प्रश्न रास्त आहे आणि जगभरच्या न्यायालयांनी त्यावर डोके शिणवले आहे. युनायटेड किंग्डममधील दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. कॉर्नवॉल परगण्यात एक श्रद्धाळू ख्रिस्ती दांपत्य छोटेसे हॉटेल चालवत असे. दोन पुरुषांच्या जोडीला त्यांनी एक खोली देण्याचे नाकारले. २०१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्या दांपत्याविरुद्ध दिला. दुसरे प्रकरण बेलफास्टच्या ॲशर्स नावाच्या बेकरीचे. समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे वाक्य केकवर लिहून द्यावे, अशी मागणी एका गिऱ्हाइकाने केली. बेकरीने नकार दिला. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने या वेळी बेकरीच्या बाजूने एकमताने निकाल दिला.

वरवर पाहता हे परस्परविरोधी वाटते, पण तसे नाही. हॉटेलवाल्यांनी माणूस नाकारला होता. बेकरीवाल्यांनी मजकूर नाकारला होता, आणि तो मजकूर अन्य कोणी मागितला असता तरी त्यांनी लिहून दिला नसता. आपल्या भाषेत सांगायचे, तर छापखान्याच्या मालकाला पटत नसलेला मजकूर छापायची सक्ती नसावी. पण त्याच गिऱ्हाइकाला साधे बिलबुक छापून देण्यास त्याने नकार देऊ नये. काय विकावे, याचे स्वातंत्र्य व्यापाऱ्याचे आहे. जे सर्वांसाठी मांडले आहे, ते कोणाला विकू नये याचे स्वातंत्र्य फार तोकडे आहे.

ही रेषा जैन व्यापाऱ्याला नवी वाटण्याचे कारण नाही. तिच्यावर तर आपण पिढ्यान्पिढ्या चालत आलो आहोत. श्रावकाच्या सातव्या व्रतात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत. अंगारकर्म, वनकर्म, दंतवाणिज्य, विषवाणिज्य, केशवाणिज्य ही नावे प्रतिक्रमण करणाऱ्या प्रत्येकाच्या ओठांवर असतात. कोळसा करण्यासाठी लाकूड जाळू नये, हस्तिदंत विकू नये, विष विकू नये, जिवंत प्राण्यांचा व्यापार करू नये. अखेरचे असतीपोषण आहे, तेथेही दुसऱ्याच्या अधःपतनावर कमाई करण्याचा निषेध आहे. ही यादी सावकाश वाचून पाहावी. पंधराही ठिकाणी बंधन आहे ते मालावर आणि कमाईच्या मार्गावर. अमक्या माणसाला माल देऊ नये, असे एकही कर्मादान नाही. तिसऱ्या व्रताचे अतिचार पाहिले तर खोटे माप, खोटे वजन, भेसळ, चोरीचा माल. तेथेही गिऱ्हाइकाची पारख सांगितलेली नाही, सांगितली आहे ती व्यापाऱ्याची.

आणि पहिल्या व्रताचा, अहिंसेचा, पाचवा अतिचार कोणता? भत्तपाणविच्छेद, म्हणजे जो आपल्या आश्रयाला आहे, त्याचे अन्नपाणी तोडणे. नऊ वर्षे इमानाने राबलेल्या माणसाचा पगार, त्याच्या कामात कसूर नसताना, लोकांच्या बोलण्यावरून बंद करणे याला दुसरे कोणते नाव द्यावे, हे मला सुचत नाही.

काही वाचकांना वाटेल की लेखक आता धर्माच्या नावाने या नात्याचे समर्थन करू लागला. तसा माझा दावा नाही. गृहस्थासाठी स्वदारसंतोष आणि साधूसाठी संपूर्ण ब्रह्मचर्य, हा आपला आदर्श आहे आणि तो आहे तसाच राहो. मात्र कर्मग्रंथाचा अभ्यास केलेल्यांनी एक गोष्ट आठवावी. मोहनीय कर्मात नऊ नोकषाय गणले आहेत. हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा आणि मग स्त्रीवेद, पुरुषवेद, नपुंसकवेद. शरीराचे लक्षण आणि मनातल्या वेदाचा उदय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या आचार्यांनी पूर्वीच ओळखले होते. स्त्रीबद्दल पुरुषाला वाटणारे आकर्षणसुद्धा त्याच मोहनीय कर्माचा उदय आहे. ते तेवढे पवित्र आणि बाकीचे अपवित्र, अशी सूट शास्त्राने कोणाला दिलेली नाही. त्याच नऊ जणांच्या पंगतीत जुगुप्साही बसली आहे. दुसऱ्याविषयी आपल्या मनात उठणारी किळससुद्धा कर्मबंधाचे कारण आहे. त्या तरुणाच्या वेदाचा हिशेब मांडणाऱ्यांनी स्वतःच्या जुगुप्सेचा हिशेब कोणत्या वहीत लिहिला आहे?

शेवटी, आपला समाज संख्येने लहान आहे. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. त्याआधी, मार्च २००८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने आपल्या भावनांची दखल घेणारा एक निकाल दिला होता. पर्युषणात नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवण्याचा अहमदाबाद महापालिकेचा ठराव खाटिकांनी व्यवसायस्वातंत्र्याच्या आधारे आव्हानित केला होता. न्यायालयाने तो ठराव कायम ठेवला. थोड्या दिवसांची ही मर्यादा वाजवी आहे आणि विविधतेच्या या देशात एकमेकांच्या भावनांचा आदर राखावा, असे कारण दिले. त्या वेळी दुसऱ्याच्या व्यवसायस्वातंत्र्याला मुरड घातली गेली आणि आपण समाधान मानले. मग आपल्यापेक्षाही लहान आणि दुबळ्या गटासाठी आपल्या स्वातंत्र्याला थोडी मुरड घालायची वेळ आली, की "दुकान माझे" हे वाक्य आपल्याला कसे आठवते? अनेकांत केवळ सभेत बोलण्यासाठी नसेल, तर त्याची कसोटी अशाच वेळी लागते.

शेठजींना मी उत्तर पाठवले ते असे. काढण्याचा अधिकार कायद्याने आज तुमच्याकडे बहुतांशी आहे. तो वापरू नका. त्या तरुणाशी त्याच्या घराबद्दल स्वतःहून बोलू नका. तो बोलला तर ऐकून घ्या, आणि ऐकलेले गल्ल्याजवळच राहू द्या. दुकानातल्या इतर नोकरांनी टिंगल केली, तर ती पहिल्याच दिवशी थांबवा; मालकाचा शब्द तेथे पोलिसांपेक्षा मोठा असतो. वडीलधाऱ्यांना एकटे गाठून, आदराने, हात जोडून सांगा की, "काकासाहेब, मुलाच्या कामात खोट नाही, आणि समाजाने असे ठरवणे आता कायद्यात बसत नाही. तुमच्यावर उद्या बालंट येऊ नये, म्हणून सांगतो." बहुतेक जण एवढ्यावर गप्प होतील. एखाद-दुसरे गिऱ्हाईक तुटलेच, तर ते नुकसान खात्यावर लिहा आणि विसरून जा. नऊ वर्षांचा विश्वासू माणूस गमावण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

एक गोष्ट मी त्यांना लिहिली नाही, ती येथे लिहितो. २०१८ च्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी म्हटले होते की, या व्यक्तींना आणि त्यांच्या कुटुंबांना इतका काळ जे सोसावे लागले, त्याबद्दल इतिहासाने त्यांची क्षमा मागायला हवी. न्यायालयाच्या निकालपत्रात क्षमेचा शब्द क्वचित येतो. आपल्याकडे तर त्याचा दरवर्षी एक दिवस ठरलेला आहे. संवत्सरीला आपण चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागतो, दूरच्या व्यापाऱ्यांनाही पत्रे आणि संदेश पाठवतो. काउंटरच्या पलीकडे रोज उभा असलेला माणूस त्या यादीत बहुधा नसतो. या वर्षी शेठजींनी पहिले मिच्छामि दुक्कडम् त्याला म्हणावे, अशी माझी इच्छा आहे.

पुढील अंकात, घर भाड्याने देताना करारनाम्यात कोणत्या अटी घालता येतात आणि कोणत्या नाही, याविषयी पाहू.